गुणांचा आकडा नक्की काय मोजतो?

सह्यवाटा

लाटेक्‌च्या (मजकुराची छपाईयोग्य मांडणी करणाऱ्या प्रणालीच्या) धाग्यावर प्राजक्त यांनी विचारलं होतं, की स्टॅक एक्स्चेंजवर, म्हणजे प्रश्नोत्तरांच्या साइट्सच्या त्या जाळ्यावर, कुणाच्या उत्तराखाली साधी शंका लिहायची तर ५० गुण का लागावेत, आणि नव्या माणसाने ते आणायचे कुठून? प्रश्न रास्त आहे. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय. मी बरीच वर्षं स्टॅक ओव्हरफ्लोवर, म्हणजे त्याच जाळ्यातल्या प्रोग्रॅमिंगच्या साइटवर, उत्तरं लिहितोय, नव्याने कामाला लागलेल्या मुलामुलींना ती साइट वापरायला शिकवतोय, आणि या गुणांविषयी इतके गैरसमज कानावर येतात की एकदा सविस्तर लिहायलाच हवं होतं.

आधी हिशोब. खातं उघडलं की १ गुण. तुमच्या प्रश्नाला किंवा उत्तराला कुणी अपव्होट (पसंतीचं मत) दिला की १०. डाउनव्होट (नापसंतीचं मत) पडला की २ वजा. तुमचं उत्तर प्रश्नकर्त्याने स्वीकारलं तर १५, आणि स्वीकारल्याबद्दल त्यालाही २. दुसऱ्याच्या उत्तराला डाउनव्होट द्यायचा तर स्वतःचाही १ गुण जातो, प्रश्नाला दिला तर जात नाही. प्रश्नाच्या अपव्होटला मधली काही वर्षं ५ च मिळायचे, २०१९ च्या नोव्हेंबरात ते १० झाले. मतांमधून दिवसाला जास्तीत जास्त २०० गुण मिळतात. स्वीकृतीचे १५ आणि बाउंटी या मर्यादेबाहेर. बाउंटी म्हणजे आपल्याच खात्यातले ५० ते ५०० गुण एखाद्या प्रश्नावर लावायचे. चांगलं उत्तर आलं नाही तरी ते परत येत नाहीत.

आता या गुणांचं करायचं काय? १५ झाले की अपव्होट देता येतो. ५० ला कुठेही टिप्पणी, १२५ ला डाउनव्होट, ५०० ला तपासणीच्या रांगा, २००० ला दुसऱ्याचा मजकूर कुणाच्या मंजुरीविना सुधारणं, ३००० ला प्रश्न बंद करण्यासाठी मत, १०,००० ला काढून टाकलेला मजकूर पाहणं. हे रूढ आकडे आहेत. कंपनी अधूनमधून प्रयोग करते, छोट्या नव्या साइट्सवर उंबरठे खाली असतात, म्हणून आपल्या साइटचं मदतपान बघावं.

जेफ ॲटवूड आणि जोएल स्पॉल्स्की यांनी २००८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो सुरू केलं तेव्हापासून तिथली झाडलोट सदस्यच करत आलेत. पगारी माणसं लाखो प्रश्न तपासत बसू शकत नाहीत. मग अनोळखी लोकांमधून कुणाच्या हाती काय सोपवायचं? त्यासाठी हे गुण. सोसायटीत नवीन आलेल्याला आधी जिन्याच्या दाराची किल्ली मिळते, पंपाच्या खोलीची किल्ली वर्षभराने मिळते, तसंच हे. टिप्पणीची किल्ली ५० ला ठेवण्याचं कारण असं की टिप्पणीला डाउनव्होट देताच येत नाही. वाईट उत्तर मतांनी तळाला जातं. वाईट टिप्पणी कुणी तक्रार करेपर्यंत तिथेच राहते. जाहिरातबाजांना हेच हवं असतं.

प्राजक्त, तुमच्यासाठी तीन वाटा. स्वतःच्या प्रश्नाखाली आणि त्यावर आलेल्या उत्तरांखाली १ गुणावरही टिप्पणी करता येते. म्हणून त्या जुन्या उत्तराचा दुवा देऊन आपला वेगळा प्रश्न टाका. दुसरी वाट सुधारणांची. उत्तरातल्या चुकीच्या आज्ञा, तुटलेले दुवे दुरुस्त करून सुचवा, मंजूर झालेल्या प्रत्येक सुधारणेचे २ मिळतात. तिसरी, या जाळ्यातल्या एका साइटवर २०० झाले की बाकी साइट्सवर आपोआप १०० मिळतात, कारण हा माणूस कुठेतरी पारखला गेलाय.

शेवटचा मुद्दा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. गुण हे अवघडपणाचं माप नाही, रहदारीचं आहे. गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शेवटचा कमिट (नोंदवलेला बदल) मागे कसा घ्यायचा, या प्रश्नाला आणि त्याच्या उत्तराला हजारो मतं आहेत, कारण रोज कुणीतरी तिथे अडखळतं. कंपायलरच्या (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) पोटातली एखादी गाठ सोडवणारं उत्तर दोन मतांवर थांबतं, कारण त्या गाठीपर्यंत पोचणारे जगात मोजकेच. दोन्ही उत्तरं उपयोगाची आहेत. पण आकड्यांवरून दोन माणसांची तुलना करायला गेलात तर तुम्ही त्यांच्या विषयांच्या गर्दीची तुलना करत असता.

प्राजक्त

मनापासून आभार. झीलाटेक् (लाटेक्‌चाच एक प्रकार) आणि देवनागरी जोडाक्षरांचा प्रश्न आज वेगळा टाकते.

एक सांगू का? ५० चा नियम आता पटला. पण पहिल्याच प्रश्नाला कारण न सांगता डाउनव्होट पडतो तेव्हा फार लागतं. २ गुण जातात त्याचं काही नाही. आपण पाहुण्यासारखे आत आलो आणि कुणी न बोलता दार लावून घेतलं असं वाटतं. नव्या माणसाचे गुण १ च्या खाली जात नाहीत हे नंतर कळलं, पण प्रश्नाशेजारी उणे आकडा दिसतोच.

आबा_देवगड

+१ प्राजक्त. धागा छान आहे, सह्यवाटा.

मी निवृत्त शिक्षक. गुगल नकाशांवर आमच्या पंचक्रोशीतल्या वाड्या, आरोग्य उपकेंद्रं, होडीचे धक्के भरत असतो. तिथेही गुण आहेत. नवी जागा घातली की १५, परीक्षण लिहिलं की १०, फोटोला ५, माहितीतल्या दुरुस्तीला ५. २५० झाले की नावाशेजारी बिल्ला येतो, सगळ्यात वरची दहावी पातळी एक लाख गुणांची.

इथली अडचण तुमच्यापेक्षा वेगळी. स्टॅकवर दुसऱ्या कुणाला तरी तुमचं लिहिणं उपयोगी वाटावं लागतं. इथे गुण फोटो चढवला की लगेच मिळतात, तो कुणाच्या कामी आला की नाही याच्याशी संबंध नाही. त्यामुळे एकाच हॉटेलच्या एकाच भिंतीचे दहा फोटो दिसतात आणि ज्या वाडीत रात्री रुग्णवाहिका वाट चुकते तिचं नाव नकाशावर नसतं. वाडी घालायची तर जाऊन बघावं लागतं, म्हाताऱ्या माणसांना विचारावं लागतं. मिळणार १५. भिंतीचे तीन फोटो टाकले तरी १५.

मी गुणांसाठी करत नाही. पण माझे विद्यार्थी करतात, त्यांच्या हातून हे घडताना पाहिलंय, म्हणून लिहिलं.

दक्षिणवारा

आबांनी नेमकं सांगितलं. मोजणी कृतीची होते की परिणामाची, इथेच सगळं ठरतं.

माझं काम यादीचा क्रम लावण्याचं आहे, म्हणून त्याबद्दल थोडं. माणसाचे गुण ही एक गोष्ट आणि लिखाणाचा क्रम ही दुसरी. लोक दोन्ही एकच समजतात. रेडिट या चर्चेच्या साइटचा जुना कोड खुला होता, त्यातलं 'हॉट' यादीचं सूत्र अजूनही शिकवायला उत्तम. मतांचा दहाच्या पायावरचा लॉगॅरिदम घ्यायचा आणि त्यात वेळ मिळवायची, ४५,००० सेकंदांना म्हणजे साडेबारा तासांना एक एकक. अर्थ असा, की पहिल्या १० मतांचं वजन पुढच्या ९० मतांइतकं, आणि साडेबारा तास जुन्या पोस्टला नव्या पोस्टच्या शेजारी टिकायला दसपट मतं हवीत. म्हणून तिथे पहिल्या अर्ध्या तासात काय झालं यावर पुढचं सगळं अवलंबून असायचं.

प्रतिसादांसाठी मात्र वेगळी पद्धत आणली. १ पैकी १ मत चांगलं म्हणजे शंभर टक्के, आणि १०० पैकी ९० चांगली म्हणजे नव्वद. मग शंभर टक्केवाला वर ठेवायचा का? नाही, कारण एका मतावर भरवसा किती ठेवणार? विल्सन नावाच्या संख्याशास्त्रज्ञाचं जुनं सूत्र आहे. ते विचारतं, की इतक्या मतांवरून खरी पसंती कमीत कमी किती असेल असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येईल? १ पैकी १ ला उत्तर येतं सुमारे २१ टक्के. १० पैकी १० ला ७२. १०० पैकी ९० ला सुमारे ८३. म्हणून तो वर.

ऑनलाइन खरेदी करताना दोन जणांचे पाच तारे आणि नऊशे जणांचे साडेचार तारे यांत गोंधळ होतो ना, तिथेही हेच डोक्यात ठेवा.

पटावरचा_घोडा

तुम्ही सगळे साठत जाणाऱ्या गुणांबद्दल बोलताय. बुद्धिबळातलं मानांकन साठत नाही, ते चढतं आणि उतरतं. तुलना करून बघण्यासारखी आहे.

आर्पाड एलो यांची पद्धत, फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. दोन खेळाडूंच्या मानांकनातल्या फरकावरून अपेक्षित निकाल काढायचा. २०० गुणांचा फरक असेल तर वरच्याकडून सुमारे ७६ टक्के गुणांची अपेक्षा. प्रत्यक्ष निकाल अपेक्षेपेक्षा बरा आला तर मानांकन वाढतं, वाईट आला तर घटतं. किती, ते के नावाच्या गुणकावर. नवख्याला ४०, पुढे २०, एकदा २४०० गाठलं की १०. बरोबरीच्या मानांकनाचे दोघे, दोघांचा के २०, तर जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याचे १० वजा. लिचेससारख्या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर ग्लिको-२ ही पद्धत वापरतात. तिथे प्रत्येकाच्या मानांकनासोबत त्या मानांकनाबद्दलची शंकाही मोजली जाते. सगळे १५०० ला सुरू करतात, पण नव्याच्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह असतं आणि पहिल्या डावांत तो झपाट्याने हलतो. स्टॅकवर १ गुणवाल्याच्या पाठीवर जो अविश्वासाचा शिक्का वाटतो, त्याऐवजी इथे साइट स्वतःच म्हणते की या माणसाला आम्ही अजून ओळखत नाही. मला हे जास्त सभ्य वाटतं.

दोष इथेही आहेत. गुण कुठून तरी येतात, म्हणजे समोरच्याकडून येतात. आपल्याकडे नागपूर, पुणे, सांगली कुठेही स्पर्धेला जा, तिथली दहा-बारा वर्षांची पोरं ऑनलाइन सराव करून जेवढी तयार झालेली असतात तेवढं त्यांचं मानांकन नसतं. ती मोठ्यांना हरवतात, मोठ्यांचं मानांकन घसरतं, आणि सगळा तलावच खाली जातो. शेवटी फिडेने १ मार्च २०२४ ला २००० च्या खालच्या सगळ्यांना एकदाच वाढ दिली: २००० मधून तुमचं मानांकन वजा करा, उरलेल्याचे ४० टक्के मिळवा. १००० वाल्याला ४००, १८०० वाल्याला ८०. किमान मानांकनही १००० वरून १४०० केलं.

चढउतार असलेल्या मानांकनाचा आणखी एक तोटा मी क्लबात रोज बघतो. चांगला आकडा झाला की माणूस खेळायचा थांबतो, घसरेल या भीतीने. मुलांचे पालकच सांगतात, 'या स्पर्धेला नको, गुण जातील.' दहा वर्षांच्या मुलाला खेळूच द्यायचं नाही! हे मला सहन होत नाही.

सांजपक्षी

सगळं वाचलं. माझं मत स्पष्ट आहे: आकडा लपवा. हॅकर न्यूज या तंत्रज्ञानाच्या बातम्यांच्या साइटवर २०११ पासून दुसऱ्याच्या टिप्पणीचे गुण दिसत नाहीत. फक्त स्वतःचे दिसतात. स्लॅशडॉट या तशाच जुन्या साइटने त्याही आधी सदस्याच्या कर्माचा (म्हणजे तिथल्या गुणांचा) आकडा काढून त्याजागी शब्द ठेवले, आणि आतल्या आकड्याला ५० ची कमाल मर्यादा घातली. तिथे मत देण्याचा अधिकारही थोड्या काळासाठी, ठरावीक पाच गुणांपुरता, निवडलेल्या सदस्यांकडे फिरत असे. कुणी कायमचा मोठा नाही. आकडा दिसला की माणूस त्याच्यासाठी लिहायला लागतो. हे बदलत नाही.

सह्यवाटा

सांजपक्षी, कर्माला कमाल मर्यादा घालणं मला पटतं. लपवणं पटत नाही.

अधिकार तर कुणाला तरी द्यावाच लागतो. हॅकर न्यूजवरसुद्धा डाउनव्होट द्यायला ५०१ कर्म लागतं. आकडा झाकला तरी उंबरठा राहतो. मग कुणाच्या हाती काय आहे आणि ते कशामुळे आलं, हे उघड असलेलं बरं. माझ्या प्रश्नाला बंद करण्यासाठी कुणी मत दिलं हे मला दिसतं, त्याच्याकडे तो अधिकार कुठून आला हेही दिसतं. यामुळे भांडता तरी येतं. जिथे हे झाकलेलं असतं तिथे शेवटी चालकांच्या ओळखीचे कोण, यावर गोष्टी चालतात. अशा गटांमध्ये मी राहिलोय.

आकड्यासाठी लिहिणं होतं, हे मात्र खरं. त्याचं मोठं उदाहरण स्टॅक ओव्हरफ्लोचंच. २०१६ मध्ये त्यांनी 'डॉक्युमेंटेशन' नावाचा विभाग काढला. तिथे एखाद्या उदाहरणात छोटी भर घालणाऱ्यालाही त्या उदाहरणाला पुढे मिळणाऱ्या मतांचे गुण मिळत. साहजिकच लोकप्रिय उदाहरणांवर किरकोळ बदलांचा पाऊस पडला. नियम आवळले, पण पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, विभागच बंद केला. आबांच्या भिंतीचे फोटो तेच सांगतात. कमी श्रमात गुण मिळतील तिथे लोक जाणार, त्यात लोकांना दोष देऊन उपयोग नाही.

चॅटजीपीटी आल्यावर काही दिवसांतच, डिसेंबर २०२२ मध्ये, त्याच्याकडून लिहून घेतलेल्या उत्तरांवर तिथे बंदी आली, त्यामागेही हेच होतं. उत्तरं दिसायला नीटनेटकी, आत चुकीची, आणि तपासायला जितका वेळ लागे त्याच्या कितीतरी कमी वेळात तयार होणारी. गुणांची सगळी यंत्रणा एका गृहीतकावर उभी होती, की लिहायला श्रम पडतात. तेच गृहीतक निसटलं.

लबाडीबद्दलही सांगतो. एकाच ऑफिसातले चौघे एकमेकांना अपव्होट देत बसले तर रोज चालणारा एक प्रोग्रॅम तो नमुना ओळखतो आणि ती मतं रद्द करतो. गुण गेलेले दिसतात, शेजारी कारण लिहिलेलं असतं. नोकरीसाठी आकडा वाढवायला बघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता मला त्या रचनेतला जो भाग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो तो. टॅगचे, म्हणजे प्रश्नाला लावलेल्या विषयाच्या चिठ्ठीचे, बिल्ले. एखाद्या टॅगमध्ये किमान २०० उत्तरं आणि त्यांची मिळून १००० मतं झाली की सोनेरी बिल्ला मिळतो. त्यानंतर त्या टॅगमधला प्रश्न आधी विचारलेला आहे असं दिसलं तर तुम्ही एकट्याने तो जुन्या प्रश्नाशी जोडून बंद करू शकता. इतरांना त्यासाठी अनेकांची मतं लागतात. पण तुमचा हा अधिकार फक्त त्याच टॅगमध्ये. पायथॉनमधला जाणकार एसक्यूएलमध्ये पुन्हा साधा सदस्य. भरवसा जिथे कमावला तिथेच वापरायचा. एकूण गुणांच्या बेरजेत हे हरवतं. जॉन स्कीट यांचंच बघा, २०१८ च्या जानेवारीत दहा लाख गुण गाठणारे पहिले सदस्य. साइट सुरू झाल्यापासून रोज न चुकता २०० ची मर्यादा गाठली असती तरी तोवर ६,८०,००० च्या आसपासच झाले असते. उरलेले मर्यादेबाहेरच्या मार्गांनी, म्हणजे मुख्यतः लोकांनी स्वीकारलेल्या उत्तरांचे. हे मोठंच काम आहे. पण सी-शार्पमधला त्यांचा शब्द जितका वजनाचा तितका दुसऱ्या विषयातला असेलच असं तेही म्हणणार नाहीत, आणि रचनेनेही तसं म्हणू नये.

निळी_शाई

मी मराठी विकिपीडियावर काम करते, तिथे गुणच नाहीत. १ मे २००३ पासून चाललंय. संपादनांची संख्या दिसते, पण तिच्यामुळे आपोआप प्रचालक (व्यवस्थापनाचे अधिकार असलेला सदस्य) होता येत नाही. त्यासाठी समाजापुढे जाऊन कौल घ्यावा लागतो, लोक तुमची चर्चापानं उघडून बघतात, वाद कसे हाताळले ते बघतात. इंग्रजी विकिपीडियावर तापलेल्या विषयांवरची पानं संपादित करायला ५०० संपादनं आणि ३० दिवस लागतात, म्हणून काही जण एकेक स्वल्पविराम बदलून ५०० पूर्ण करतात आणि पकडलेही जातात.

संपादनसंख्या फसवी आहे. लेखांचे वर्ग बदलण्याचं काम सांगकाम्या (आपोआप संपादनं करणारा प्रोग्रॅम) एका दुपारी हजारदा करतो. संदर्भांसह एक लेख उभा करणाऱ्याच्या नावावर दहा संपादनं दिसतात.

आता माझी अडचण. २७ फेब्रुवारीला महाविद्यालयात लेखनस्पर्धा घ्यायची आहे. क्रमांक काढावे लागणार, संस्थेचा आग्रह आहे. कशावर काढू? लेखांच्या संख्येवर काढले तर दोन ओळींचे लेख येतील. बाइटवर, म्हणजे मजकुराच्या आकारावर, काढले तर फुगवलेले, नाहीतर यंत्राने भाषांतर केलेले.

पटावरचा_घोडा

एकच क्रमवारी का? वयोगट असतात तसे गट करा. नवीन लेख, जुन्या लेखाची डागडुजी, संदर्भ जोडणं. प्रत्येकाचा वेगळा क्रमांक.

आबा_देवगड

आणि निकाल लगेच लावू नका ताई. महिन्याने बघा, किती मजकूर टिकला.

निळी_शाई

आबा, हे फारच उपयोगी. नोंदी इतिहासात असतातच, त्यामुळे टिकलेला मजकूर काढता येईल. मग असं करते. तीन गट, घोड्यांनी सांगितले तसे. प्रत्येक लेखाला किमान तीन स्वतंत्र संदर्भ, नाहीतर तो मोजायचाच नाही. परीक्षक दोन, दोघांनी लेख वाचून 'ठेवावा' किंवा 'परत पाठवावा' एवढंच म्हणायचं, आणि परत पाठवताना कारण लिहायचंच. परत आलेला लेख सुधारून पुन्हा देता येईल, त्याबद्दल काही वजा नाही. निकाल २७ मार्चला, तोवर टिकलेल्या मजकुरावर. पहिल्या येणाऱ्यांना पुढच्या वर्षी परीक्षक करायचं, प्रमाणपत्रं तर संस्था देईलच.

सह्यवाटा

पहिल्या येणाऱ्यांना फक्त त्यांच्याच गटाचे परीक्षक करा. आणि नियम स्पर्धेच्या आधी चावडीवर (विकिपीडियाच्या सार्वजनिक चर्चेच्या पानावर) टाका, म्हणजे प्रचालकांना अचानक आलेल्या लेखांचा ताण होणार नाही.

निळी_शाई

दोन्ही घेते. मसुदा रविवारपर्यंत चावडीवर टाकून इथे दुवा देते.